अर्ज लिहिला होता, पण दार चुकलं होतं



गेले दोन महिने बंदरावर, लिलावात, लग्नाच्या मांडवात एकच प्रश्न कानावर येतोय. "दिल्लीच्या अर्जाचं काय झालं?" त्याचं उत्तर आज इथे सविस्तर देतोय. पोस्ट मोठी आहे, पण सह्यांचे नवे कागद घरोघर येण्याआधी एकदा शेवटपर्यंत वाचा. घरातल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवा.

आधी कबुली. गेल्या वर्षी आपण लोकसभेकडे पाठवलेला अर्ज पुढे गेलाच नाही. तुमच्यापैकी अनेकांनी त्यावर सही केली, कोणी अंगठा दिला. दोष दिल्लीचा असेल असं आम्हीही आधी धरून चाललो होतो. पण चूक आपल्याच कागदात होती, आणि ती आम्हा संचालकांची होती. ती आम्हाला कळली भोपाळमध्ये, शाहपुऱ्यातल्या एका घरात.

भोपाळ कुठून आलं मध्येच? सांगतो.

लोकसभेकडे अर्ज करायचा तर तो हिंदीत किंवा इंग्रजीत लागतो. मराठीत लिहिला तर चालतो, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि भाषांतरावरही अर्जदाराची सही लागते. आपल्या एका जुन्या सभासदाची लेक लग्न होऊन भोपाळला गेली, शाहपुरा भागात राहते, शाळेत हिंदी शिकवते. ती म्हणाली, "नाना, फोनवर होणार नाही हे. या इकडे, बसून करू." पावसाळी बंदी होती, होड्या वर ओढलेल्या होत्या, जाळी विणायची कामं तेवढी चालू होती. आम्ही चौघं पंजाब मेलने भोपाळला उतरलो.

पहिल्याच संध्याकाळी ती आम्हाला शाहपुऱ्याच्या तलावावर घेऊन गेली. सत्तरच्या दशकात बांधलेला तलाव. काठावर फिरायला आलेली माणसं, पोरंबाळं, मका भाजणारे. पण पाण्याचा वास आपल्या माणसाला लगेच कळतो. आसपासच्या वस्त्यांचं सांडपाणी नाल्यांनी तळ्यात येतं. आपला तांडेल पाण्याकडे बघून म्हणाला, "इथली मासळी मी घरी नेणार नाय." मग आम्हालाच विचारलं, "ह्याबद्दल कुणी दिल्लीला लिहीत नाय का?"

आमच्यासोबत शेजारचे एक काका होते. मूळचे बऱ्हाणपूरकडचे, घरात मराठी, सगळी नोकरी सरकारी कचेरीत कागद हाताळण्यात गेलेली. ते हसले. म्हणाले, "ह्या तळ्याचं गाऱ्हाणं दिल्लीला नेलंत तर दिल्ली सांगेल, भोपाळला जा. सांडपाणी महापालिकेचं काम, तळ्यातली मासळी राज्याच्या अखत्यारीत. अर्ज खरा असला तरी दार चुकलं की तो टपालातच मरतो."

घरी आल्यावर त्यांनी आपला अर्ज मागितला. चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "हे चार वेगवेगळे अर्ज एका कागदावर का लिहिलेत?"

मंडळी, तिथेच आमचे डोळे उघडले.

आपल्या अर्जात काय होतं आठवा. रात्री समुद्रात एलईडी लावून होणारी मासेमारी होती. बंदराच्या तोंडाशी साचलेला गाळ होता. डिझेलवरच्या परताव्याची थकबाकी होती. मासे विकणाऱ्या बायकांना बाजारात ओटा नाही, तेही होतं. आणि शेवटी, आम्ही हैराण झालोय, न्याय द्या. सगळं खरंच होतं. पण राज्यघटनेनं ही कामं वाटून दिलेली आहेत. मासेमारी हा विषय राज्य सूचीत २१ व्या क्रमांकाला आहे. म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, साधारण २२ किलोमीटर, कायदा राज्याचा. आपला महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे तो याच हद्दीसाठी. १२ मैलांच्या बाहेरची मासेमारी संघ सूचीत ५७ व्या क्रमांकाला आहे. ती केंद्राची, म्हणजे संसदेची. ती हद्द २०० सागरी मैलांपर्यंत जाते.

आणि लोकसभेचा नियम असा की जो विषय राज्याच्या विधिमंडळात मांडण्यासारखा आहे, त्यावरचा अर्ज लोकसभेत चालत नाही. कोर्टात चालू असलेल्या प्रकरणावरही चालत नाही. म्हणजे आपल्या चारपैकी तीन मागण्यांनी चौथीलाही बुडवलं.

लेकीने भाषांतराला सुरुवात केली तेव्हा दुसरी गोष्ट उघडी पडली. "वाव" ला हिंदीत काय म्हणायचं, यावर अर्धा तास गेला. "डोल" काय, "कव" काय, सगळं तिने समजून घेतलं. पण एका ओळीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "नाना, 'आमची रोजीरोटी गेली' हे मी हिंदीत लिहीन. पण संसदेने नक्की काय करायचं, ते कुठे लिहिलंय?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते कुठेच नव्हतं. दोन पानं राग होता, मागणी नव्हती.

त्या रात्री काकांनी आम्हाला भोपाळच्या बायकांची गोष्ट सांगितली. आपल्याला गॅसकांड ऐकून माहीत असतं. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधली रात्र. पुढे १९८५ मध्ये संसदेने कायदा केला आणि सगळ्या पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, ज्यांची माणसं गेली त्यांना न विचारता. ह्या लोकांनी काय करायचं मग?

वायुपीडित बायकांसाठी सरकारने स्टेशनरीचा कारखाना काढला होता. तिथे काम करणाऱ्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी बायकांची संघटना बांधली. मजुरीच्या मागणीसाठी १९८९ मध्ये ह्या बायका पोरं बरोबर घेऊन भोपाळहून दिल्लीला पायी निघाल्या, पंतप्रधानांना निवेदन द्यायला. साडेसातशे किलोमीटरच्या आसपास अंतर. पुढे २००४ मध्ये ह्या दोघींना पर्यावरणाचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, पण त्यांनी चालणं सोडलं नाही. २००६ मध्ये भोपाळचे पीडित पुन्हा दिल्लीला पायी गेले. तेव्हाच्या मागण्यांत कारखान्याभोवतीच्या वस्त्यांना प्यायचं शुद्ध पाणी होतं. उपोषणानंतर पंतप्रधानांनी काही मागण्या मान्य केल्या, काही केल्या नाहीत. मान्य झालेलंही नीट होईना, म्हणून २००८ मध्ये पुन्हा चालत गेले.

काका म्हणाले, "त्यांच्याकडून एक शिका. 'आम्हाला दुःख आहे' एवढं सांगून त्या थांबल्या नाहीत. पाणी कुठल्या वस्त्यांना पाहिजे, ते सांगितलं. नक्की मागितलं म्हणून पुढच्या वेळी जाऊन विचारता आलं, हे दिलंत, हे दिलं नाहीत."

आपल्या समाजाचा इतिहासही हेच सांगतो, आणि तो आपण विसरत चाललोय. १९९१ मध्ये केंद्राने खोल समुद्रातल्या मासेमारीचं धोरण बदललं आणि परदेशी कंपन्यांशी भागीदारीतल्या जहाजांना परवाने देणं सुरू केलं. तेव्हा देशभरचे मच्छीमार एकत्र आले. छोटी होडीवाले, ट्रॉलरवाले, मासे विकणाऱ्या बायका, सगळे. नोव्हेंबर १९९४ मध्ये देशभर बंद झाला, त्यात महाराष्ट्रही होता. १९९५ मध्ये पी. मुरारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पण सुरुवातीला तिच्यात मच्छीमारांचं माणूस नव्हतं. मे १९९५ मध्ये फादर थॉमस कोचेरी पोरबंदरला उपोषणाला बसले. त्यानंतर समिती वाढवली गेली, तिच्यात मच्छीमारांचे प्रतिनिधी आले, खासदार आले. फेब्रुवारी १९९६ मध्ये २१ शिफारशींचा अहवाल आला आणि पहिली मोठी शिफारस होती, ते परवाने रद्द करा. मागणी एक होती. ती केंद्राच्या हद्दीतली होती. आणि ती पुरी करायची म्हणजे काय करायचं, हे कुणालाही कळत होतं.

तसंच २००८ मध्ये किनाऱ्यासाठी नवी अधिसूचना आणायचा घाट घातला गेला, सीआरझेड बाजूला ठेवून. किनाऱ्यावरच्या लोकांनी विरोध केला. संसदेच्या स्थायी समितीने लोकांचं ऐकून घेतलं आणि मच्छीमारांच्या शंका मिटल्याशिवाय हे लागू करू नका असं सांगितलं. २००९ मध्ये तो मसुदा तसाच लोपला.

आणि नुसता अर्ज करून काही होतं का, असं विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण फौजेतल्या माणसांचं. निवृत्त सैनिकांच्या 'समान पद, समान निवृत्तिवेतन' या मागणीचा अर्ज राज्यसभेच्या याचिका समितीकडे गेला. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले तेच. डिसेंबर २०११ मध्ये समितीने मागणी योग्य आहे असा अहवाल दिला. प्रत्यक्ष आदेश निघायला २०१५ चा नोव्हेंबर उजाडला. चार वर्षं गेली, मधे आंदोलनंही झाली. पण समितीचा कागद हातात होता म्हणून बोलायला आधार होता.

आता आपला अर्ज.

शाहपुऱ्यात तीन दिवस बसून आम्ही तो फोडला. गाळ, डिझेलचा परतावा, आणि १२ मैलांच्या आतली गस्त हे राज्याकडचं. त्याचा वेगळा अर्ज आपल्या विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीसाठी तयार होतोय. मासळी बाजारातल्या ओट्याचं काम स्थानिक संस्थेचं. तो कागद तर इथूनच, पुढच्या आठवड्यात, आपल्या बायका स्वतः घेऊन जाणार आहेत.

दिल्लीसाठी एकच विषय ठेवला. १२ मैलांच्या बाहेरची एलईडी मासेमारी.

ह्यावर कायद्याचा कागद नाही असं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने आपल्या हद्दीत एलईडी आणि बुल ट्रॉलिंगला बंदी घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने २०० मैलांच्या हद्दीतल्या मासेमारीचे नवे नियम काढले, त्यातही एलईडीवर बंदी आहे. पण रात्री ३० वावात डोल टाकून बसलेल्या माणसाला विचारा. पश्चिमेला उजेडाची रांग दिसते, जत्रा भरल्यासारखी. जनरेटर चालतात, पाण्यात दिवे सोडतात, बारीकसारीक सगळी मासळी उजेडाला जमते आणि एका कवेत उचलली जाते. सकाळी आपल्या जाळ्यात बर्फाचेही पैसे सुटत नाहीत. आपल्या बंदरातल्या किती नाखवांनी होडी विकली, किती खलाशी घरी बसले, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. तक्रार केली तर हे म्हणतात हद्द त्यांची, ते म्हणतात काम यांचं. तक्रारीची पोच मिळत नाही.

म्हणून अर्जात आपण तीनच गोष्टी मागतोय:

एक, १२ मैलांबाहेर एलईडी आणि बुल ट्रॉलिंगविरुद्ध किती कारवाया झाल्या, कुठल्या राज्याच्या किनाऱ्यासमोर झाल्या, याची माहिती दर वर्षी संसदेसमोर ठेवावी.

दोन, समुद्रातून केलेल्या तक्रारीला नोंद क्रमांक मिळावा, आणि ती तटरक्षक दलाकडे गेली की राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे, हे तक्रारदाराला कळावं.

तीन, पुढचे नियम किंवा बदल करताना मच्छीमार सहकारी संस्थांचं म्हणणं किनाऱ्यावर येऊन ऐकावं.

बस. "न्याय द्या" काढून टाकलं. 'दलाल', 'चोर' हे शब्दही काढले, कारण अर्जाची भाषा सभ्य आणि आदराची असावी असा नियमच आहे.

इथे एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. आपल्याच सभासदांपैकी काहींचे भाऊ, मेहुणे, भागीदार मोठ्या बोटींवर आहेत. एका भाऊंनी आम्हाला तोंडावर विचारलं, "म्हणजे आमच्या घरावर उठलात काय?" नाही. अर्जात एकाही बोटीचं, गावाचं, माणसाचं नाव नाही. ज्याने कर्ज काढून दिवे बसवले त्यालाही हप्ते आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. आणि त्यातलेच दोघे आम्हाला म्हणाले, "सगळ्यांचे बंद होणार असतील तर आमचे आधी उतरवतो. एकट्याने उतरवून उपाशी कोण मरेल?" बंदी सगळ्यांना सारखी लागू झाली तर गावात भांडण उरत नाही. ती कागदावरच राहते म्हणून भाऊ भावाकडे संशयाने बघतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी सही करू नये, कोणी विचारणार नाही. पण सभेला या आणि तिथे बोला.

आता सहीचे नियम. गेल्या वेळी आपण कोऱ्या कागदांवर सह्या गोळा केल्या आणि मागे जोडल्या. ते चालत नाही. नीट वाचा:

सह्या एकापेक्षा जास्त पानांवर असतील तर प्रत्येक पानाच्या वर मागणीचा मजकूर पुन्हा लिहिलेला लागतो. अर्ज जिथे लिहिलाय त्या पानावरही निदान एकाची सही लागते. म्हणून यावेळी प्रत्येक पानावर वरच्या बाजूला तिन्ही मागण्या छापून आणल्या आहेत. त्या वाचल्याशिवाय सही करू नका, करायला लावू नका.

पूर्ण नाव, पत्ता, सही. लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो. एकाने घरातल्या सगळ्यांच्या सह्या करायच्या नाहीत. घरातल्या बाईने स्वतःच्या नावाने करायची. मासळी कमी आली की टोपली तिची रिकामी राहते, तर सहीही तिचीच हवी.

अर्जाला फोटो, प्रतिज्ञापत्र, पत्रं काहीही जोडायचं नाही, नियमात बसत नाही. पण पुरावा लागणारच नाही असं नाही. समितीला वाटलं तर ती अर्जदाराला बोलावून विचारू शकते. म्हणून संस्थेच्या कचेरीत एक वही ठेवली आहे. समुद्रात दिवे दिसले तर तारीख, वेळ, किती वावात होतात, जीपीएसवरचे आकडे, एवढं येऊन लिहा. बोटीचं नाव लिहायची जरुरी नाही. ऐकीव लिहू नका. स्वतः पाहिलं तेच.

अर्ज खासदारांमार्फत सभागृहात मांडता येतो, तेव्हा त्यावर त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. थेट लोकसभेच्या महासचिवांकडेही पाठवता येतो. आपण आधी आपल्या खासदारांकडे जाणार आहोत. ते कुठल्या पक्षाचे, हा विषय सभेत काढू नका. कुठल्याही खासदाराने मांडला तरी अर्ज समितीकडेच जातो. लोकसभेच्या याचिका समितीत १५ सदस्य असतात आणि मंत्री त्यात नसतो. अशी समिती दिल्लीत १९२४ पासून आहे, इंग्रजांच्या काळापासून. दार जुनं आहे, आपल्यालाच ठोठावायची सवय नव्हती.

लगेच काही होईल असं आम्ही म्हणत नाही. सैनिकांना चार वर्षं लागली, भोपाळच्या बायका तर परत परत चालत गेल्या. पण यावेळी कोणी विचारलं, "नक्की काय मागताय आणि कुणाकडे?" तर आपल्यातला कुठलाही खलाशी तीन वाक्यांत सांगू शकेल.

निघायच्या दिवशी लेकीने हिंदीचे कागद पिशवीत घालून दिले. काकांनी मानधन घेतलं नाही. सुके बोंबील मात्र आवडीने घेतले. तांडेल म्हणाला, "काका, तुमच्या तळ्याचा अर्ज पण लिवा." काका म्हणाले, "लिहितो. इथल्या महापालिकेला."

सह्यांचे कागद येत्या रविवारी सकाळी ९ ते दुपारी १ संस्थेच्या कचेरीत असतील. ज्यांना चालत येणं जमत नाही त्यांनी निरोप द्या, आम्ही घरी येऊ. प्रश्न असतील तर खाली लिहा किंवा सभेत उभे राहून विचारा.

आपले,
संस्थेचे संचालक मंडळ